गेजचा हिशेब

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ 1867 साली नागपूरला पोहोचला, पण तो यवतमाळला बगल देऊन गेला. बडनेरा, धामणगाव, वर्धा अशी ती वाट. यवतमाळच्या पठारावरचा कापूस त्यामुळे बैलगाडीत बसून 45 किलोमीटरवरच्या धामणगावला जाई आणि तिथे आगगाडीत चढे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक, निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा सुमारे 113 किलोमीटरचा फाटा टाकला. लोक त्यालाच पुढे शकुंतला म्हणू लागले. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फूट अंतराचे होते, या फाट्याचे अडीच फुटांचे. त्या काळच्या ताळेबंदात हा निर्णय चोख होता. हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा, माल मुख्यतः एकच, आणि भांडवल बेताचे. अरुंद गेजला रूळ हलके लागतात, पूल लहान चालतात, वळणे तीव्र घेता येतात. छोट्या धंद्याला छोटे यंत्र, हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. आज यवतमाळ, वणी किंवा पुसदमधला जिनिंगवाला, कृषी केंद्राचा मालक किंवा पतसंस्थेचा व्यवस्थापक ऑफिससाठी सर्व्हर निवडतो तेव्हा तोही हाच तर्क लढवतो: जागा कमी, माणसे दहा-बारा, तेव्हा आटोपशीर आणि लागेल तसे वाढवता येईल असे यंत्र बरे. या तर्कातून कोणती ओळ सुटते ते शकुंतलेच्या इतिहासात दिसते. यंत्राचा आकार किंवा किंमत पुढे फारशी नडत नाही. ते बाकीच्या जगाला जिथे जोडले जाते, तो सांधा नडतो.

शकुंतलेचा सांधा मूर्तिजापूरला होता. यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथून आलेली रुईची गाठ मूर्तिजापूरला अरुंद डब्यातून उतरायची आणि हमालांच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या डब्यात चढायची. पक्क्या दाबाची एक गाठ पावणेदोनशे किलोंच्या आसपास. ही हमाली, त्यासाठीचे थांबणे, पावसात ताडपत्री, फाटलेले पोते आणि हरवलेली खूण हे सगळे फाट्याच्या बांधकाम-खर्चात कुठेच दिसत नव्हते, कारण तो खर्च फाट्यावर होत नव्हता, फाटा संपतो तिथे होत होता. धामणगावचा रस्ता म्हणूनच कधी ओस पडला नाही. तिथे गाडी एकदाच रिकामी होई आणि माल थेट मुख्य मार्गावर लागे. आजही यवतमाळचा माणूस मुंबईची गाडी पकडायला धामणगावलाच जातो. पुढे ट्रक आला. त्याला गेज नव्हते. जिनिंगच्या आवारात भरायचा आणि थेट मुंबईच्या गोदामात किंवा गिरणीच्या दारात रिकामा करायचा. शकुंतलेचे मागे पडणे बहुतेक वेळा तिच्या संथ चालीच्या खाती टाकले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते, कारण खडबडीत रस्त्यावरचा सुरुवातीचा ट्रकही काही वाऱ्याच्या वेगाने धावत नव्हता. त्याने मधली हमाली वाचवली.

दुसरा सांधा मालकीचा होता. स्वातंत्र्यानंतर रेल्वे कंपन्या सरकारजमा होत असताना ही कंपनी बाहेर राहिली. मध्य रेल्वेने गाड्या चालवायच्या आणि मार्गाच्या मालकांना मोबदला द्यायचा, असा करार चालू राहिला. ज्याच्या मालकीचा रूळ त्याला नवा पैसा घालण्यात रस नाही, आणि जो गाडी चालवतो त्याचा रूळ नाही, अशी ही अडचण. मँचेस्टरला 1921 साली बनलेले झेडडी वर्गातले वाफेचे इंजिन या मार्गावर 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होते. त्या दिवशी डिझेल आले. एक इंजिन सत्तर वर्षे चालते याचे कौतुक करायलाच हवे, आणि ते प्रामुख्याने ते दुरुस्त करत राहिलेल्या फिटर-खलाशांचे आहे. पण 1992 पासून देशभर सगळे रूळ एकाच गेजचे करायचे धोरण सुरू झाले होते. अरुंद गेजचे मार्ग एकेक करून गेले, तसा त्या मापाच्या डब्यांचा, चाकांचा, सुट्या भागांचा साठाही आटत गेला. आपले यंत्र धड असले तरी त्या जातीची बाकीची यंत्रे संपली की ते एकटे पडते. यवतमाळच्या गाड्या गेल्या दशकात थांबल्या.

याच मार्गावरच्या कारंजात उलटा धडाही आहे. कारंजाचा कापूस बाजार 1886 साली नियमनाखाली आला, देशातला असा पहिलाच. मग 1897 चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. अडते, दलाल, तोलारी यांना परवाने आणि बाजारावर समिती. व्यापाऱ्यांनी दुकाने एकत्र केली नाहीत की तराजू एकाच कारखान्याचे घेतले नाहीत. देवघेव कोणत्या रीतीने होईल, एवढेच ठरले. वऱ्हाडात पुढे तीच पद्धत टिकली.

आता संगणकाकडे. छोट्या शहरांतल्या ऑफिसांत 1990 च्या आसपास जे नेटवर्क आले ते बहुधा असे असे: एका 386 यंत्रावर नॉव्हेल नेटवेअर किंवा युनिक्स, आणि सगळ्या टेबलांखालून फिरणारी एकच काळी कोअॅक्सियल केबल. त्या केबलचा एक टोकाचा टर्मिनेटर निघाला की सगळे ऑफिस ठप्प. पण बाकीचे भाग साधे होते. डिस्क, रॅम, पॉवर सप्लाय, की-बोर्ड नागपूरच्या बाजारातून मागवता येत. बंगळुरूच्या प्युट्रॉनिक्स कंपनीने 1986 पासून उभे केलेले टॅली घरोघर पोहोचले, आणि खतावणी संगणकात गेली. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 रोजी व्हॅट आला, नागरी सहकारी बँकांना डिसेंबर 2013 पर्यंत कोअर बँकिंग करायला रिझर्व्ह बँकेने सांगितले, 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. प्रत्येक टप्प्यावर संगणक बंद पडण्याची किंमत वाढली. तरी बहुतेक दुकानांत सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा, कोणी बंद करायचा नाही असा एक साधा संगणक आणि त्यातला सगळ्यांना खुला केलेला फोल्डर, एवढेच राहिले. याला हसण्याचे कारण नाही. त्यात एकही भाग परका नव्हता. उणीव दुसरीच होती: 2005 नंतरच्या वर्षांत विदर्भातल्या ग्रामीण भागाने जे तासन्‌तासांचे भारनियमन भोगले, त्यात त्या यंत्राची डिस्क आणि त्यातली वही एकाच झटक्यात जाऊ शकत होती.

नेमक्या याच सुमारास मोठ्या कंपन्यांची नजर छोट्या ऑफिसकडे वळली. 2001 साली आरएलएक्स कंपनीने पात्यासारखे उभे सरकवायचे ब्लेड सर्व्हर बाजारात आणले होते, पण ते डेटा सेंटरसाठी. 2007 मध्ये आयबीएमने ब्लेडसेंटर एस आणि एचपीने सी3000 ही ब्लेड बसवायची चेसिस, म्हणजे पेट्या, काढली, ज्यांचा रोख छोट्या जागांवर होता. 2008 च्या सुरुवातीला इंटेलचा मॉड्यूलर सर्व्हर आला: रॅकमध्ये सहा युनिट उंचीची एक पेटी, तीत सहापर्यंत संगणक-मॉड्यूल आणि 14 लहान डिस्कांचा सामाईक साठा. 2013 मध्ये डेलने व्हीआरटीएक्स काढला, चार सर्व्हर आणि सामाईक डिस्का एकाच पेटीत. कल्पना देखणी होती. एक मॉड्यूल बिघडले तर त्याचे काम शेजारचे उचलते, डिस्का सगळ्यांच्या असल्यामुळे माहिती हलवावी लागत नाही, वायरींचा गुंता नाही, आणि सगळ्याचा ताबा एका पडद्यावर. आज दोन मॉड्यूल घ्या, धंदा वाढला की तिसरे सरकवा.

पण या पेटीचे गेज पाहा. बाहेरून ती 19 इंची रॅकमध्ये बसते. ते माप टेलिफोन केंद्रांसाठी एटी अँड टी कंपनीने 1922 च्या सुमारास रूढ केले आणि आज ते कोणा एकाचे नाही. पाठीमागे जाणारी इथरनेटची केबलही सर्वांची. आत मात्र सगळे त्या एका कंपनीचे: मॉड्यूलची खाच, मधला सांधणारा फलक, पंखे, पॉवर सप्लाय, स्विच. तिसरे मॉड्यूल हवे तेव्हा ते त्याच कंपनीकडून, त्याच पिढीचे, आणि ती विकत असेपर्यंतच मिळणार. यवतमाळला मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. त्या दिवसांत बंद पडलेला पंखा साध्या यंत्रात तासाभरात बदलता येतो. चेसिसचा पंखा मात्र कंपनीच्या गोदामातून यावा लागतो. मॉड्यूलर या नावाने बदलता येण्याचे आश्वासन दिले, पण ते फक्त पेटीच्या आतल्या आत बदलण्याचे होते.

कोणी म्हणेल, या पेट्यांचे आतले माप खुले करण्याचे प्रयत्न झाले. झाले. आयबीएम आणि इंटेल यांनी 2004 साली ब्लेडसेंटरचा आराखडा इतर उत्पादकांना खुला केला. तरी एका कंपनीचे ब्लेड दुसरीच्या पेटीत सर्रास बसते अशी बाजारपेठ उभी राहिली नाही. मग मालकही बदलले. आयबीएमचा हा सर्व्हरधंदा 2014 मध्ये लेनोव्होकडे गेला, इंटेलचा 2023 मध्ये तैवानच्या मायटॅककडे. यात कोणी कोणाला फसवले नाही. मोठ्या कंपनीच्या वहीत ही एक छोटी ओळ असते आणि ती कधी खोडायची ते यवतमाळला विचारून ठरत नाही.

शकुंतलेचीच बाजू घेणाराही एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. अरुंद गेज निवडले म्हणून तर रेल्वे आली. ब्रॉडगेजची वाट पाहत बसले असते तर काय मिळाले असते? वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या ब्रॉडगेज मार्गाला 2008-09 मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्यातल्या वर्धा–कळंब या पहिल्या तुकड्यावर गाडी धावली ती फेब्रुवारी 2024 मध्ये. आदर्शाची वाट पाहणे हाही एक खर्च आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण रेल्वेत लहान आणि वेगळे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटत नव्हत्या, कारण स्वस्ताई गेज कमी केल्यामुळेच येत होती. संगणकात त्या सुटतात. एचपीने 2010 मध्ये काढलेला मायक्रोसर्व्हर हा चार साध्या डिस्कांचा ठोकळा टेबलाच्या कोपऱ्यात मावतो आणि त्यातली डिस्क कुठल्याही दुकानात मिळते. लहान राहूनही सर्वांच्या गेजवर राहता येते, ही सोय 1910 च्या सुमारास यवतमाळला नव्हती.

दुसरा आक्षेप म्हणजे सर्व्हर हवाच कशाला, सगळे क्लाउडवर न्या. ई-मेल, वेबसाइट, हजेरी यांच्याबाबत हे बरोबर आहे. पण रस्ता-रुंदीकरणात फायबर तुटली की हंगामात वजनकाट्यावर उभ्या असलेल्या गाड्या थांबता कामा नयेत, आणि काट्याची पावती तिथल्या तिथे निघाली पाहिजे. शिवाय क्लाउडलाही सांधा आहेच. माहिती तिथे नेणे सोपे असते, एका कंपनीच्या रचनेतून दुसरीच्या रचनेत काढून आणताना मूर्तिजापूरची हमाली पुन्हा भरावी लागते. कायद्याचेही बंधन आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांची रोजची प्रत प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते, तेव्हा क्लाउड घेताना तो कुठल्या देशात आहे हे विचारावेच लागते.

उरला आक्षेप आयुष्याचा: रूळ शंभर वर्षांचे असतात, सर्व्हर पाच-सात वर्षांत भंगारात जातो, मग इतकी चिंता कशाला? पण यंत्र भंगारात जाते, वही नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब आठ आर्थिक वर्षे जपायचे आहेत, जीएसटीचे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने. म्हणजे माहितीला निदान एकदा तरी गाडी बदलावी लागणारच, आणि छोट्या गावात यंत्रही कागदावरच्या घसाऱ्यापेक्षा बरेच जास्त चालवले जाते. तेव्हा दहा-पंधरा जणांच्या ऑफिसने सहा खाचांच्या एका पेटीऐवजी दोन साधे, सारखेच सर्व्हर घ्यावेत. एक ऑफिसात यूपीएसवर, दुसरा वेगळ्या इमारतीत रात्रीच्या प्रतीसाठी. डिस्का बाजारी मापाच्या, आणि प्रत अशा स्वरूपात की टॅली असलेल्या कुठल्याही संगणकावर ती उघडेल. सामाईक डिस्का आणि आपोआप काम उचलण्याची सोय यात सुटते. पहिले यंत्र पडले तर दुसरे उभे करायला अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि त्या अर्ध्या दिवसाची हमाली बहुतेक धंद्यांना झेपते. ज्यांना ती झेपत नाही, उदाहरणार्थ अनेक शाखांची बँक, त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांनी चेसिस घ्यावीच, पण खरेदीच्या दिवशीच जास्तीचा एक पंखा, एक पॉवर सप्लाय आणि एक मॉड्यूल कपाटात ठेवावे, आणि ते भाग किती वर्षे मिळतील याची तारीख करारात लिहून घ्यावी.