संयुक्त स्तनवर्धन व स्तन-उन्नयन शस्त्रक्रिया : अपेक्षांचा इतिहास

प्रसूती, वाढते वय किंवा वजनातील मोठी घट यांमुळे स्तनांचा भरीवपणा कमी होतो व ते ओघळतात. कृत्रिम रोपण बसवून आकार वाढविणे आणि जादा त्वचा काढून स्तन वर उचलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी केली की ती संयुक्त शस्त्रक्रिया ठरते. मुंबईच्या उत्तर वेशीवर १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरातील मध्यमवर्गीय स्त्रीला ही शस्त्रक्रिया आज केवळ चित्रपटसृष्टीतील ऐकीव गोष्ट वाटत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, यातून नेमकी काय अपेक्षा ठेवावी? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलत गेले, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

या शस्त्रक्रियेतील मूलभूत तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक व एक हात १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत असताना कापण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या कुंभार जातीतील एका शल्यकाराने त्याच्या कपाळावरील त्वचा सोडवून नवे नाक घडविले. ती त्वचा पूर्णपणे कापून वेगळी केली नव्हती. भुवयांमधील अरुंद देठाने ती कपाळाशी जोडलेली होती. त्या देठातून रक्त मिळत राहिले म्हणून त्वचा जगली, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला गेला. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला व १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी त्याच धर्तीवर शस्त्रक्रिया केली. त्या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, शल्यकाराचे नाही. ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

स्तन उचलताना स्तनाग्र वरच्या जागी न्यावे लागते. तेही असेच एका देठावर जगते. १९३० मध्ये श्वार्त्समान यांनी स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा खोल थर राखून त्याचा रक्तपुरवठा टिकविण्याची पद्धत मांडली, आणि उन्नयनाच्या पुढील पद्धतींना पाया मिळाला.

आकार वाढविण्याचा इतिहास मात्र इतका आश्वासक नाही. १८९५ मध्ये चेर्नी यांनी रुग्णेच्या स्वतःच्या चरबीच्या गाठीचा उपयोग केला. त्यानंतर पॅराफिन टोचण्याची लाट आली व गाठी, व्रण आणि विद्रूपता मागे ठेवून ओसरली. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो यांनी सिलिकॉनचे पहिले रोपण बसविले. गोन्झालेझ-उलोआ यांनी १९६० मध्ये व रेनो यांनी १९६६ मध्ये वर्धन व उन्नयन एकत्र करण्याच्या पद्धती मांडल्या. एका भुलीत दोन कामे, एकच विश्रांतिकाळ, हे तिचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे.

परंतु ही दोन कामे परस्परांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. उन्नयनात त्वचा घट्ट केली जाते, तर रोपण तीच त्वचा आतून ताणते. देठ अरुंद आणि रोपण मोठे असेल, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, जखम उसवू शकते. म्हणूनच २००३ मध्ये स्कॉट स्पिअर यांनी या संयोगाबाबत शल्यकारांनाच सावधगिरीचा इशारा दिला. काही शल्यकार आधी उन्नयन करून काही महिन्यांनी रोपण बसविणे पसंत करतात. स्त्रीने अपेक्षा ठेवावी ती हे सर्व लक्षात घेऊन. स्तनाग्राभोवती, बहुधा त्याखाली उभा आणि कधी स्तनाच्या घडीत आडवा व्रण राहतो. तो फिकट होतो, नाहीसा होत नाही. संवेदना बदलू शकते, पुढे स्तनपानात अडचण येऊ शकते. रोपणाभोवती शरीर तंतुमय वेष्टन तयार करते व ते आकसल्यास स्तन कठीण होतो. रोपण आयुष्यभरासाठी नसते. वय व गुरुत्वाकर्षण आपले काम पुढेही करीतच राहतात. पुनःशस्त्रक्रियेची शक्यता ही अपवादात्मक दुर्घटना मानता येत नाही.

रोपणाविषयीचा विश्वासही अनेकदा डळमळला. अमेरिकेत सिलिकॉन जेलच्या रोपणांवर १९९२ मध्ये निर्बंध आले, ते २००६ मध्ये उठले. २०१० मध्ये पीआयपी या फ्रेंच कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले. खरबरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा एका दुर्मिळ लसीका-कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये ती जगभरातून परत मागविण्यात आली.

महाराष्ट्रात प्लॅस्टिक सर्जरी रुजली ती मात्र सौंदर्यासाठी नव्हे. नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी ती उभी केली. अंतिया यांचे नाव तर कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनेशी कायमचे जोडले गेले. दुरुस्ती आणि शोभा यांतील सीमारेषा पुढे करकायद्यानेही आखली. २००९ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेवर सेवाकर आला. जन्मजात व्यंग, आजार वा अपघात यांसाठीची शस्त्रक्रिया त्यातून वगळली गेली. दोन बाळंतपणांनंतर ओघळलेले शरीर या विभागणीत शोभेच्या बाजूला पडते. ही रेषा करआकारणीस सोयीची असेल, स्त्रीच्या अनुभवाशी ती जुळतेच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात, उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच ग्राह्य धरली आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, असे स्पष्ट केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये रोपणापूर्वी प्रत्येक रुग्णेसमोर धोक्यांची यादी मुद्देसूद ठेवणे बंधनकारक केले. मीरा-भाईंदरमधील स्त्रीने सही करण्यापूर्वी अशी यादी मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत मागावी, आणि दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र का, दोन टप्प्यांत का नाहीत, हेही विचारावे.