बरणी झाकायचा सण



आपण महावीर जयंतीसाठी घर आवरतो, त्याच सुमारास कोकणच्या बेने इस्राएल घरांतही अशीच झाडलोट चालते. हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

त्यांचा वल्हांडण सण बहुधा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येतो. त्याआधी भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई. भंडाऱ्याच्या पितळेत वाढलेल्या आपल्याला कल्हई काय सांगायची! आंबलेल्या धान्याचा कणही घरात राहू द्यायचा नाही. आदल्या रात्री दिवा घेऊन शोधायचे, सकाळी जाळायचे. मग आठ दिवस बिनखमिराची भाकरी; पीठ भिजवल्यापासून 18 मिनिटांत भाजायला घ्यायची. मिसरच्या गुलामीतून निघताना पूर्वजांना पीठ आंबवायलाही सवड मिळाली नाही, त्याची ही आठवण. 1874 साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या मराठी हग्गादात साडी नेसलेल्या बायका ही भाकरी करताना दाखवल्या आहेत.

पण त्याआधी कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ पोथ्या नव्हत्या. सणाचे नाव होते 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाची बरणी झाकायचा. मिसरची कथा विस्मरणात गेली, पण बायकांनी बरणी झाकणे सोडले नाही. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे कारण पुन्हा कळले.

आपली पिठाची मर्यादा जीवदयेसाठी. सुनेला, लेकीला ती शिकवताना कारणही सांगूया. नाहीतर आपल्याही घरी नुसती झाकलेली बरणीच उरेल.