तापलेल्या जोडाची साक्ष

विजेचा इतिहास लिहिताना आपण धरणे, जनित्रे आणि उद्घाटनाच्या तारखा मोजतो. सातारा जिल्ह्यातील कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे वळवले आणि १९६२ पासून वीज मिळू लागली, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती वीज ज्या जोडांतून आणि क्लॅम्पांतून पुढे सरकते, त्यांची कहाणी मात्र क्वचितच लिहिली जाते. मी अनेक वर्षे तिच्याच मागे आहे.

जोड सैल झाला किंवा गंजला की त्याचा रोध वाढतो आणि तो तापतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. चालू तारेला हात लावून पाहता येत नाही, म्हणून लाईनमन अंधारात लालसर दिसणारा जोड शोधत. पावसात कोणत्या क्लॅम्पवरून वाफ निघते, यावर नजर ठेवत. पण धातू लाल दिसू लागतो तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे. तोवर जोड हातचा गेलेला असतो.

१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरणांचा हा शोध विजेच्या खांबापर्यंत पोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. १९६५ मध्ये स्वीडनच्या आगा कंपनीने वीजवाहिन्या तपासण्यासाठी उष्णतेचे चित्र दाखवणारे यंत्र विकले. अशा यंत्रांचा संवेदक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागे. आज ते काम हातात मावणारा थर्मल कॅमेरा करतो.

तरी चित्र वाचावे लागतेच. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःचे उष्णताकिरण कमी सोडते आणि थंड आभाळाचे परावर्तित करते. त्यामुळे तापलेला जोडही थंड भासतो. म्हणून जाणकार एकाच खांबावरच्या तीन फेजांची तुलना करतो. भार सारखा असून एकच जोड तापला असेल, तर संशय तिथे.

आणि मुळात भार हवा. कराड तालुक्यातील टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी सांगलीच्या आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांपर्यंत जाते. पंप बंद असताना तपासणी उरकली, तर सैल जोडही निर्दोष दिसतो आणि कागद पूर्ण होतो. खरी साक्ष तो पंप सुरू झाल्यावर देतो. तेव्हा खांबाखाली कॅमेरा घेऊन कोणी उभे नसेल, तर बिघाडाची खबर शिवारातल्या कोरड्या पाटाकडूनच कळते.