रेडिओवरची शाळा, भिंतीवरची शाळा

साथीत घरबसल्या शाळा भरवण्याची कल्पना २०२०ची नव्हे बरं का मंडळी, बरीच जुनी आहे! सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत पोलिओची साथ आली आणि सुट्टीनंतर शाळा उघडल्याच नाहीत. मग तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवर १५-१५ मिनिटांचे धडे सुरू झाले. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई. शंका सोडवायला शिक्षक फोनपाशी बसत. पण ज्यांच्या घरी रेडिओच नव्हता, त्यांचं काय?

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपरही पुढे रद्द झाला. प्रश्न तोच. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले. भिंतीला रिचार्ज लागत नाही!

शिकागोची रेडिओशाळा काही आठवड्यांत आटोपली. आपली कितीतरी लेकरं दीड-दोन वर्षं वर्गाबाहेर राहिली. पहिलीत नाव घातलेलं पोर वर्ग न बघताच तिसरीच्या उंबरठ्यावर आलं. धडा रेडिओवरूनही पोचतो हो. पण मागच्या बाकावरच्याला तो कळला नाही, हे बाईंना त्याचा चेहरा बघून कळतं. ते कुठल्या यंत्रातून कळणार?