अर्धी गाडी

मोटारीचा फोटो काढणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, असं माझं 1979 सालापर्यंत प्रामाणिक मत होतं. गाडी डोळे मिटत नाही, 'थांबा, पदर नीट करते' असं म्हणत नाही, चुलतमामेभावंडांपैकी कोण पुढे बसणार यावरून रुसत नाही. चार चाकांवर मुकाट उभी राहते. अण्णांनी जुनी फियाट घेतली त्या रविवारी हा गैरसमज संपला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बत्तीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून आईच्या सल्ल्याविरुद्ध त्यांनी गाडी घेतली. आयुष्यातला त्यांचा हा एकमेव बेहिशेबीपणा. साहजिकच फोटो हवा होता. शेजारच्या काकांनी आपला बॉक्स कॅमेरा "रोल तुमचा, जबाबदारीही तुमची" अशा अटीवर दिला. रोलमध्ये फोटो बारा.

धुऊन आले तेव्हा पहिल्या फोटोत गाडीच्या टपातून विजेचा खांब उगवला होता. दुसऱ्यात दाराच्या चकचकीत पत्र्यात कॅमेरा पोटाशी धरून वाकलेला एक इसम दिसत होता, तो मी. तिसऱ्यात भर दुपारच्या उन्हाने टप पांढराफटक आणि चाकं काळ्या काजळीत बुडालेली. चौथ्यात नंबरप्लेटवर माझ्या डोक्याची सावली. पाचव्यात बॉनेटवर आमच्या वाड्यातली धोतरं वाळत होती. ती प्रत्यक्षात वीस फूट मागच्या दोरीवर होती, पण कॅमेऱ्याला कोणी ते सांगितलं नव्हतं. बाराव्या फोटोबद्दल नंतर सांगतो, कारण त्याचा संबंध थेट फ्रान्सशी आहे.

मोटार आणि हौशी कॅमेरा ही तशी जुळी भावंडंच. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटचा अर्ज केला तो 29 जानेवारी 1886 रोजी, आणि अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तो 1888 मध्ये. त्या कॅमेऱ्यात 100 फोटोंची फिल्म भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. पुढे 1900 मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा पोरांच्या हातात पडला. मोटारीला माणसं घाबरत होती आणि कॅमेऱ्याला माणसं लाजत होती, अशा त्या काळात 13 जून 1894 रोजी पॅरिसजवळ झाक-आंरी लार्तीग जन्मला. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच पॅरिस ते रुआँ ही मोटारींची पहिली गाजलेली स्पर्धा झाली. योग म्हणतात तो हा!

लार्तीगचे वडील श्रीमंत आणि स्वतः फोटोंचे शौकीन. त्यांनी मुलाला सात-आठ वर्षांचा असतानाच कॅमेरा दिला. (आमच्याकडे त्या वयात मला पाढ्यांचं पुस्तक मिळालं.) पोरगं जे जे हलेल त्याचे फोटो काढत सुटलं. जिन्यावरून उडी मारणारी मावस-आतेभावंडं, भावाने बनवलेली उडती यंत्रं आणि धूळ उडवत जाणाऱ्या मोटारी.

पुढे एकदा हा तरुण मुलगा शर्यतीच्या रस्त्याकडेला उभा होता. फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबची ग्रां प्री चालू होती. तीही खडीच्या रस्त्यावर. सहा नंबरची गाडी भरधाव आली. लार्तीगने तिच्याबरोबर कॅमेरा फिरवला आणि कळ दाबली. फोटो बघितला तर गाडीचं नाक गायब! मागचं चाक अंड्यासारखं लांबुळकं होऊन पुढे झुकलेलं, आणि कडेचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला कललेले. फोटो फसला, असं खुद्द त्यालाच वाटलं.

झालं होतं ते असं. त्याच्या कॅमेऱ्यात काचेपुढून एक पडदा सरकत असे आणि त्या पडद्याला बारीक फट असे. फट सरकेल तसा फोटोचा एकेक पट्टा उमटे. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून चाकाचा तळ आधी उमटला आणि माथा मागाहून. तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकली, म्हणून चाक पुढे झुकलं. कॅमेरा फिरत होता, पण गाडीच्या वेगाला पुरा पडत नव्हता. जे प्रेक्षक जागच्या जागी उभे होते, ते त्या फिरण्यामुळे मागे कलले. थोडक्यात, चूक यंत्राची, चूक हाताची, आणि दोन्ही मिळून चित्रात असा वेग आला, जो बरोबर काढलेल्या फोटोत कधी येत नाही.

फोटो वर्षानुवर्षं पडून राहिला. लार्तीग पोटासाठी आणि प्रतिष्ठेसाठी चित्रकार होता. फोटो घरच्या आल्बमांत चिकटवत असे. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या बालपणीच्या आणि तरुणपणीच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि हा गृहस्थ एकोणसत्तराव्या वर्षी जगप्रसिद्ध झाला. ती गाडी पुष्कळ वर्षं दलाज कंपनीची म्हणून ओळखली जात होती. जाणकारांनी नंतर बघून सांगितलं की ती श्नायडर होती. शर्यत जिंकली होती जॉर्ज बोइलोने, पूजो गाडीतून. पण मोटारींचे इतिहासकार सोडले तर ते कोणाच्या लक्षात आहे? लोकांच्या लक्षात राहिली ती नाक नसलेली सहा नंबरची गाडी.

हे सगळं वाचल्यावर मी मोटारीच्या फोटोंचा रीतसर अभ्यास केला. सार एवढंच : मागे काय आहे ते गाडीच्या आधी बघावं. ऊन सकाळचं किंवा कलतीचं घ्यावं. गुडघ्यावर बसावं, म्हणजे गाडी भारदस्त दिसते (उठताना आपण दिसत नाही). चकचकीत पत्रा हा आरसा आहे हे विसरू नये. धावत्या गाडीपुढे थोडी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर ती चौकटीवर आपटेलसं वाटतं. शटर सावकाश ठेवून, सेकंदाचा तिसावा-साठावा भाग, कंबरेतून वळत कॅमेरा गाडीबरोबर न्यावा आणि कळ दाबल्यावरही वळणं थांबवू नये. मग गाडी रेखीव येते आणि मागचं जग पळतं. नातवाच्या मोबाइलमध्येही चित्र ओळीओळीनेच उमटतं. भरधाव गाडी त्यातही कधीकधी तिरकी होते. शंभर वर्षांनी लार्तीगची चूक घरोघर पोचली म्हणायची.

आता बारावा फोटो. त्या रविवारी अण्णांनी प्रथमच एकट्याने गाडी चालू केली. ती दोन आचके देऊन अचानक निघाली. मी दचकून कॅमेरा तिच्यामागे फिरवला आणि कळ दाबली गेली. फोटोत बॉनेट नाही, पुढचं चाक नाही. मागे भिंत, खांब, धोतरं यांच्या नुसत्या रेघा. स्टुडिओवाल्याने तो छापलाच नव्हता. "अर्धीच गाडी आलीय, पैसे नका देऊ," म्हणाला. निगेटिव्ह पाकिटात राहिली.

लार्तीगबद्दल वाचल्यावर ती शोधून काढली आणि मोठी करून घेतली. चाक मात्र गोलच होतं. काकांच्या कॅमेऱ्याला सरकता पडदा नव्हता. अण्णा तोवर वारले होते. आमच्या घरात त्यांचे जे फोटो आहेत, त्या सगळ्यांत ते हिशेबात दोन आण्यांची तूट सापडल्यासारखे बघतात. या एका फोटोत खिडकीतला त्यांचा चेहरा लख्ख आला आहे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ते तोंडभर हसताहेत.

फोटो फ्रेम करून आईपुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा पुसून म्हणाली,

"पूर्ण गाडीचे पैसे दिले होते हो यांनी. अर्धीच कशी रे काढलीस?"