बऱ्हाणपूर येथील बाळंतपण, इ. स. १६३१

मुमताजमहलच्या नांवाभोंवतीं इतकें काव्य जमा झालें आहे कीं, ती कशानें मरण पावली हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. ताजमहालाच्या कारागिरांविषयीं वाद पुष्कळ झाले. परंतु ज्या मृत्यूमुळें ती इमारत उभी राहिली तो बाळंतपणांतील मृत्यु होता, ही गोष्ट केवळ ओघांत सांगितली जाते. प्रस्तुत लेखांत त्या मृत्यूचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी घेऊं. असफखानाची कन्या व नूरजहानची भाची अर्जुमंद बानू हिचा जन्म १५९३ चा. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढील शहाजहान, याच्याशीं तिचा विवाह १६१२ च्या मे महिन्यांत झाला. खानजहान लोदीचें बंड मोडण्यासाठीं बादशहा १६३० त बऱ्हाणपुरास येऊन राहिला, त्या वेळीं बेगम बरोबर होती. तेथेंच ता. १७ जून १६३१ रोजीं गौहरारा बेगम जन्मली व लागलीच मातेचा अंत झाला. तिचें प्रेत तापीपलीकडील झैनाबादच्या बागेंत ठेवून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आग्र्याकडे नेण्यांत आलें.

उत्तरकालीन हस्तलिखितांत याहून पुष्कळ अधिक मजकूर सांपडतो. गर्भांतील मुलाचें रडणें ऐकूं आलें, बेगमेनें मरतेसमयीं बादशहाकडून वचनें घेतलीं, इत्यादि. लाहोरीच्या पादशाहनाम्यासारख्या समकालीन दरबारी ग्रंथाची योग्यता या कथांस नाहीं. संग्राहकांनीं असे कागद अवश्य जपावे. मात्र ते दंतकथेच्या वाढीचा पुरावा म्हणून जपावे, मृत्यूचा पुरावा म्हणून नव्हे.

खरा पुरावा अगदीं रुक्ष ठिकाणीं आहे, तो म्हणजे अपत्यांच्या जन्मनोंदींत. राजवंशाची वृद्धि मिरवण्यासाठीं दरबारी लेखकांनीं त्या केल्या. पण क्रमानें मांडल्या असतां त्या वैद्यकीय साक्ष देऊं लागतात. १६१३ पासून १६३१ पर्यंत बेगमेस १४ अपत्यें झालीं, ८ पुत्र व ६ कन्या. पैकीं १६१३ ते १६१९ या सात वर्षांत दरसाल एक याप्रमाणें सात. यांतील औरंगजेब १६१८ त दोहद येथें, वाटेवरील मुक्कामांत जन्मला. मुराद १६२४ त, पति बापाविरुद्ध बंडांत असतां, बिहारांतील रोहतासच्या किल्ल्यांत. शेवटच्या बाळंतपणापूर्वीचें अपत्य १६३० तील. चौदांपैकीं सातच मोठीं झालीं.

बाळंतपणांतील मृत्यूचीं मुख्य कारणें निरनिराळीं, व त्यांच्या वेळाहि निरनिराळ्या. सूतिकाज्वर बहुधा प्रसूतीनंतर कांहीं दिवसांनीं घात करतो. वैद्यानें हात क्लोरीनच्या पाण्यांत धुतल्यास तो टळतो, हें सेमेलवाइसनें व्हिएन्ना येथें १८४७ त दाखविलें. बेगमेचा मृत्यु प्रसूतीबरोबरच ओढवला, म्हणून ज्वराची कल्पना जुळत नाहीं. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावून उघड्या रक्तवाहिन्या मिटवितो. अनेक बाळंतपणांनीं शिथिल झालेला गर्भाशय कधीं कधीं तसें करीत नाहीं, आणि स्त्री थोड्या वेळांत रक्तस्रावानें जाते. चौदावी खेप व तत्काळ मृत्यु या दोन्ही गोष्टींशीं हेंच कारण सर्वांत अधिक जुळतें, असें आमचें मत आहे. नोंदींत रोगाचें नांव नसल्यानें हें अनुमानच समजावें.

हा धोका आपल्याकडील शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. सुश्रुतानें निदानस्थानांत मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे प्रकार सांगितले आहेत. शारीरस्थानांत वार न पडल्यास करावयाचे उपाय व मक्कल्ल नामक शूळ यांचें विवेचन आहे. काश्यपसंहितेंत तर सूतिकेच्या उपचारांस स्वतंत्र अध्याय आहे. तो ग्रंथ नेपाळांतील एका खंडित ताडपत्री पोथीमुळें वांचला व १९३८ त मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापला गेला. परंतु गर्भाशयास आकुंचन देणारें ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेंत प्रथम तयार झालें तें १९५३ त. १६३१ सालीं, राजवैद्य दाराशीं असतांहि, बादशहाच्या बेगमेस व खानदेशांतील त्या दुष्काळांत बाळंत होणाऱ्या कुणबिणीस या संकटांत मिळणारी मदत फारशी निराळी नव्हती.

आमच्या वाचकांपाशीं येथें एक मागणें आहे. आपल्या इतिहासांत संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा व सईबाईंचें निधन १६५९ चें, या तारखा सर्वांस पाठ आहेत. कापूरहोळच्या धाराऊचें नांवहि ठाऊक आहे. एवढ्यावरून सईबाईंचा मृत्यु बाळंतरोगानें झाला असें म्हणणें धाडसाचें होईल. अशा प्रश्नांचा निकाल घरगुती कागदच लावूं शकतात. वैद्यांच्या बाडांतील बाळंतकाढ्यांचीं टिपणें, सुइणीस दिलेल्या लुगड्याचोळीचा खर्च, जन्मपत्रिकेमागोमाग आलेली सुतकाची नोंद, हे कागद वाड्यांच्या माळ्यांवरून रद्दींत जात आहेत. सनदा व महजर जपणाऱ्यांनीं त्यांच्याच दप्तरांत या चिटोऱ्यांसहि जागा द्यावी. बऱ्हाणपूरच्या बेगमेसाठीं संगमरवर उभा राहिला. इतर बाळंतिणींची साक्ष असल्यास ती या कागदांतच आहे.