हट्टी अलिंदकंपन आणि विद्युत्-आघात

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे, खालचे दोन म्हणजे निलये. स्पंदनाचा उगम उजव्या अलिंदातील सायनस नोडमध्ये होतो. हा क्रम मोडून अनेक विद्युत्-लहरी अलिंदांत एकाच वेळी फिरू लागल्या, की अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात आणि नाडी अनियमित होते. ही अवस्था म्हणजे अलिंदकंपन. सात दिवसांहून अधिक टिकल्यास ते दृढ समजावे. कालावधी येथे गौण नाही. मास्ट्रिख्ट येथे शेळ्यांवर झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले, की कंपन जितके चालू राहते तितके ते टिकण्यास अलिंद अधिक अनुकूल होत जाते.

विद्युत्-आघात अलिंदातील बहुतेक पेशींना एकदम उत्तेजित करतो. क्षणभर लहरींना पुढे सरकण्यास जागा उरत नाही, त्या विझतात आणि सायनस नोडला सूत्रे पुन्हा हाती घेता येतात. म्हणजे आघात लय निर्माण करत नाही, लयीला संधी देतो. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

आघाताचा क्षण स्वैर असून चालत नाही. तो हृदयाच्या विद्युत्-आलेखातील (ईसीजी) टी-तरंगावर, म्हणजे निलये पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होत असताना, पडला तर निलयकंपन, म्हणजे प्राणसंकट, उद्भवू शकते. म्हणून बर्नार्ड लाऊन यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी एकदिश प्रवाहाचा आघात आर-तरंगाशी, म्हणजे निलयांच्या उत्तेजनाच्या उंच टोकाशी, जुळवण्याची पद्धत रूढ केली. आजही रुग्णाला अल्पकालीन भूल दिल्यावर यंत्रावरील 'सिंक'चे (जुळवणीचे) बटण दाबतात आणि पडद्यावर प्रत्येक आर-तरंगावर खूण उमटते का, हे पाहतात. अनेक यंत्रांत आघातानंतर सिंक आपोआप बंद होते. दुसऱ्या आघातापूर्वी ते पुन्हा दाबावेच लागते.

आता हट्टीपणा, म्हणजे आघातालाही न जुमानणारे कंपन. 'शॉक लागू पडला नाही' या एका वाक्यात दोन भिन्न घटना लपतात, आणि त्या वेगळ्या न केल्यास उपचारच चुकतो. पहिली: सायनस लयीचा एकही ठोका आला नाही. येथे पुरेसा प्रवाह अलिंदापर्यंत पोहोचलेला नसतो. ऊर्जा वाढवावी, आघात देणारे पॅड छाती-पाठ असे बदलून लावावेत, स्थूल रुग्णात ते दाबून धरावेत. दुसरी: काही ठोके नियमित पडले आणि कंपन परतले. येथे आघात यशस्वीच झाला होता; लय टिकली नाही. ऊर्जा वाढवून येथे लाभ नाही. अमिओडॅरोनसारखे औषध आधी देऊन मगच पुन्हा प्रयत्न करणे युक्त. म्हणूनच आघातानंतरची ईसीजीची पट्टी पहिल्या ठोक्यापासून वाचली पाहिजे.

राहिला गुठळीचा प्रश्न. थरथरत्या डाव्या अलिंदाच्या उपांगात रक्त साकळते. कंपन 48 तासांहून जुने किंवा अज्ञात काळाचे असल्यास आघातापूर्वी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे, किंवा अन्ननलिकेतून केलेल्या इकोने गुठळी नसल्याची खात्री करावी. आघातानंतर किमान चार आठवडे ते चालू ठेवावे, कारण विद्युत्-लय परतली तरी अलिंदाचे आकुंचन काही काळ दुर्बलच राहते. त्यापुढे औषध चालू ठेवायचे की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते, आलेख नियमित दिसतो यावर नाही.